लग्न दुबईला, औषधे हाताशी
"भाचीचे लग्न दुबईला आहे, डॉक्टर. काय काळजी घेऊ?" असे विचारणाऱ्यांना मी आधी गोळ्यांची पिशवी उघडायला सांगतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी आपल्या घरांत सहज सापडते. अमिरातीत मात्र ती नियंत्रित औषधे आहेत. आगाऊ परवानगी नसेल तर अटकही होऊ शकते. शेजारणीने प्रेमाने दिलेल्या सुट्या गोळ्या तर नकोतच. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. आणि लग्नात पंगतीला उशीर ठरलेलाच! ताट नक्की केव्हा येणार हे कळल्याशिवाय जेवणाआधीचे इन्शुलिन टोचू नये. खिशात साखर असू द्यावी.