बेटावरील दृश्यस्थळांचा शोध

बंगळूर शहर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. बेटाचे छायाचित्र घ्यावयाचे तर अंदमानास किंवा लक्षद्वीपास जावयास हवे, अशी तेथील हौशी छायाचित्रकाराची समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः शहरापासून दीडशे किलोमीटरच्या आतच कावेरी नदीने दोन मोठी बेटे निर्माण केली आहेत. एक श्रीरंगपट्टण आणि दुसरे शिवनसमुद्र. भाविक लोक त्यांना अनुक्रमे आदिरंग व मध्यरंग म्हणतात. अंत्यरंग म्हणजे तमिळनाडूतील श्रीरंगम. तिन्ही ठिकाणी नदीचा प्रवाह दुभंगतो, काही अंतरावर पुन्हा एकत्र येतो आणि मधल्या भूमीवर रंगनाथाचे मंदिर उभे आहे. पहिली दोन बेटे १२ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणजेच ती पूर्णपणे उष्ण कटिबंधात मोडतात. निसर्गचित्रणासाठी योग्य जागा कशी शोधावी, हे या बेटांच्या आधारे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

आधी येऊन गेलेले शोधक

या प्रदेशातील दृश्यस्थळांचा शोध छायाचित्रणाचा जन्म होण्यापूर्वीच सुरू झाला होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९१-९२ च्या मोहिमेत लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर रॉबर्ट होम हा चित्रकार होता. कॅप्टन अलेक्झांडर ॲलन आणि रॉबर्ट कोलब्रुक हे लष्करी अधिकारीही चित्रे काढीत होते. १७९४ साली या तिघांचे म्हैसूर प्रदेशाच्या दृश्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला ही मोहीम अपरिचित नाही. १७९१ च्या मे महिन्यात उपासमारीने हैराण झालेले इंग्रज सैन्य श्रीरंगपट्टणाहून मागे फिरले, तेव्हा मेलुकोट्याच्या परिसरात त्याला धान्यासह येऊन मिळाल्या त्या हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या.

या चित्रकारांनी कोठे उभे राहून पाहिले, हा प्रश्न आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. उंच टेकडी, नदीचा उतार, तटाचा उघडा कोपरा ही चित्राला अनुकूल स्थळे होती, तशीच ती तोफा डागण्यासाठी व टेहळणीसाठीही अनुकूल होती. कोलब्रुक तर पुढे बंगालचा सर्वेक्षणप्रमुख झाला. दृश्यस्थळ शोधणारी नजर आणि प्रदेश काबीज करणारी नजर त्या काळी एकमेकींच्या किती जवळ होत्या, हे यावरून दिसून येते. आजच्या छायाचित्रकाराने त्यांच्याकडून भूमीचे बारकाईने वाचन करण्याची सवय अवश्य घ्यावी. हेतू मात्र स्वतःचा ठेवावा.

पुढे १८५४ साली बंगळूरच्या छावणीत असलेल्या लिनियस ट्राइप या अधिकाऱ्याने हळेबीड व बेलूर येथील मंदिरांची छायाचित्रे घेतली. त्या काळचे रासायनिक द्रव्य निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देई. त्यामुळे जमिनीचे तपशील उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. ट्राइपने आपल्या अनेक कागदी निगेटिव्हांवर हाताने ढग रंगविले. आजच्या कॅमेऱ्यात ही अडचण पुष्कळ कमी झाली असली, तरी भर दुपारच्या फिकट आकाशाने चित्र निर्जीव होण्याचा अनुभव प्रत्येकास येतोच. त्यावरचा खरा उपाय म्हणजे योग्य वेळ निवडणे होय.

पहिली फेरी कॅमेऱ्यावाचून

नवशिक्याची नेहमीची चूक अशी की, तो ठिकाणी पोहोचताच छायाचित्रे घेऊ लागतो आणि पहिल्या शंभर पावलांतच त्याचा उत्साह संपतो. बेटाचा मोठा गुण हा की, त्याला प्रदक्षिणा घालता येते. म्हणून पहिला दिवस केवळ हिंडण्यासाठी राखून ठेवावा. जवळ नकाशा, होकायंत्र आणि वही एवढेच साहित्य असावे. भ्रमणध्वनीतील होकायंत्रही चालेल, परंतु लोखंडी कठड्याजवळ उभे राहून त्याचे वाचन घेऊ नये.

प्रत्येक संभाव्य जागी चार गोष्टी टिपाव्यात: आपण कोणत्या दिशेला पाहत आहोत, पुरोभागात काय आहे, पाणी वाहते आहे की साचलेले, आणि नजरेच्या आड येणारी विजेची तार, फलक वा नवे बांधकाम कोणते. यांपैकी चौथी नोंद बहुधा राहून जाते आणि मग घरी आल्यावर तीच चित्रात प्रथम दिसते.

सूर्य क्षितिजापासून किती वर आहे, हे मोजण्यास उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ धरली असता ती सुमारे १० अंशांचा कोन व्यापते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे एक मूठ अंतर जाण्यास त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. बंगळूरच्या वाचकाने लालबागेतील उघड्या खडकावर उभे राहून काही संध्याकाळी हा सराव करावा. मग नव्या जागीही आणखी तासाभराने सावली कोठे पडेल, याचा अंदाज त्याला सहज बांधता येईल.

उष्ण कटिबंधातील सूर्य

छायाचित्रणाची बहुतेक इंग्रजी पुस्तके समशीतोष्ण प्रदेशांत लिहिली गेली आहेत. त्यांतील सूचना आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. लंडनमध्ये जून महिन्यात सूर्यास्तानंतर सुमारे पाऊण तास कामापुरता संधिप्रकाश टिकतो. कावेरीच्या काठी तो २०-२२ मिनिटांतच संपतो, कारण येथे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. म्हणून संधिप्रकाशात जागा शोधीत फिरण्यास अवधी नसतो. जागा आधीच ठरलेली आणि तिपाई आधीच रोवलेली असावयास हवी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. श्रीरंगपट्टणच्या अक्षांशावर एप्रिलच्या व ऑगस्टच्या उत्तरार्धात एकेकदा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूंची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेऐवजी उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेस सुमारे ५४ अंशांवर राहतो. सूर्योदयाचे स्थानही वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंश, म्हणजे अडीच मुठी, सरकते. जानेवारीत पाहून ठेवलेली जागा जूनमध्ये तीच राहत नाही, ती यामुळे.

एक प्रत्यक्ष उदाहरण

श्रीरंगपट्टणच्या ईशान्येस, नदीच्या उत्तर प्रवाहापलीकडे करीघट्ट नावाची टेकडी आहे. १७९२ च्या लढाईत टिपूने ती तटबंदीने सज्ज केली होती. आज तिच्या माथ्यावर वेंकटरमणाचे मंदिर आहे. येथून नैर्ऋत्येकडे पाहिले असता नदी, शेते आणि बेट यांचे विस्तृत दृश्य दिसते.

डिसेंबरमधील सकाळी सूर्य आग्नेयेच्या बाजूस उगवतो. नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या तो डाव्या बाजूला, किंचित मागे राहतो. अशा तिरप्या प्रकाशात प्रत्येक झाडाची लांब सावली पडते, बांधांचे उंचवटे उठून दिसतात आणि नदीवर धुके असल्यास त्याचे थर वेगळे होतात. जूनमधील सकाळी त्याच जागी सूर्य जवळजवळ पाठीमागे येतो. सावल्या वस्तूंच्या मागे लपतात व दृश्य सपाट होते. संध्याकाळी याच्या उलट घडते. डिसेंबरचा मावळता सूर्य समोर येऊन पाण्यावर झळाळी उमटवितो, तर उन्हाळ्यात तो उजवीकडून प्रकाश टाकतो. टेकडी एकच; परंतु तिच्यावर निदान चार निरनिराळी दृश्यस्थळे आहेत, असे म्हणावे लागेल. दृश्यस्थळ म्हणजे जागा, वेळ आणि ऋतू यांचा संगम होय.

याच न्यायाने बेटाची दोन टोके पाहावीत. किल्ला पश्चिम टोकाला आहे, तर दोन्ही प्रवाह जेथे पुन्हा मिळतात तो संगम पूर्वेस. पाण्यावरचा सूर्योदय हवा असल्यास संगमाकडे जावे, सूर्यास्तासाठी पश्चिमेकडे. दर्या दौलत या १७८४ मधील सागवानी महालासारख्या संरक्षित वास्तूंत तिपाई लावण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते, हेही आधीच ध्यानात ठेवावे.

पाण्याचे वेळापत्रक

शिवनसमुद्र येथे कावेरीचे दोन्ही प्रवाह कड्यावरून कोसळतात. पश्चिमेकडील धबधब्यास गगनचुक्की आणि पूर्वेकडील धबधब्यास भरचुक्की म्हणतात. येथील जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झाले. त्याची वीज प्रथम सुमारे १५० किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ साली बंगळूरला मिळाली. तेव्हापासून नदीचे काही पाणी विजेसाठी वळविले जाते; शिवाय वरच्या बाजूस कृष्णराजसागर व कबिनी ही धरणे आहेत. येथील दृश्य त्यामुळे पावसाइतकेच धरणांच्या दरवाजांवर अवलंबून आहे. जुलै ते ऑक्टोबर हा अनुकूल काळ होय. निघण्यापूर्वी धरणांतून पाणी सोडले आहे काय, याची चौकशी करावी.

धबधब्यासाठी ढगाळ दिवस उत्तम. प्रखर उन्हात फेसाचा पांढरेपणा आणि ओल्या खडकाचा काळेपणा एकाच चित्रात सामावत नाहीत. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढे उघडल्यास थेंब गोठल्यासारखे दिसतात; पाव सेकंद उघडे ठेवल्यास पाणी रेशमासारखे मऊ उमटते. यांतील कोणते सत्य आपणास सांगावयाचे आहे, हे छायाचित्रकाराने ठरवावे.

मात्र एका बाबतीत निवडीला वाव नाही. येथील खडक शेवाळाने निसरडे असतात आणि पाण्याची पातळी अकस्मात वाढते. कठड्यापलीकडे गेलेल्या अनेकांनी येथे प्राण गमावले आहेत. दरीच्या पलीकडील निरीक्षणस्थानावरून लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेले चित्र खडकावरून घेतलेल्या चित्रापेक्षा बहुधा सरसच ठरते, कारण त्यात कड्याची उंची आणि भोवतालचे रान यांचे प्रमाण कळते.

कोठे थांबावे

श्रीरंगपट्टणच्या जवळच नदीपात्रात रंगनतिट्टू ही लहान बेटे आहेत. डॉ. सलीम अली यांच्या आग्रहावरून १९४० साली म्हैसूर संस्थानाने त्यांना पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले. चित्रबलाक, चमचा आदी पक्षी येथे घरटी करतात. दुपारच्या उन्हात चित्रबलाक आपले पंख पसरून पिलांवर सावली धरतो. हे दृश्य मोहक आहे. परंतु त्यासाठी कोणी नाव फार जवळ नेली अथवा टाळ्या वाजवून पक्षी उडविले, तर वर सांगितलेला हाच माथ्यावरचा सूर्य काही मिनिटांत पिलांच्या जिवावर उठतो, आणि उघडी पडलेली अंडी कावळे व घारी नेतात. प्रकाशाचे ज्ञान असलेल्या छायाचित्रकाराला ही हानी नकळत झाली, असे म्हणता येणार नाही.

उत्तम जागा सापडल्यावर तिचा गाजावाजा करण्याचा मोह होतो. एका छायाचित्रामागून शेकडो माणसे येतात, बांध तुडविले जातात, शेतकऱ्याचे भात लोळते. ज्याच्या शेतातून आपण चित्र घेतो, त्याला आधी विचारावे आणि नंतर एक प्रत नेऊन द्यावी. त्या ओळखीतून पुढच्या खेपेस नवी वाट कळते, ती नकाशात नसते.

शेवटी, वहीतील नोंदी जपून ठेवाव्यात. जागा, दिशा, दिनांक, वेळ आणि भिंग एवढ्या पाच बाबी असल्या, म्हणजे दहा वर्षांनी त्याच पावलावर उभे राहून तेच चित्र पुन्हा घेता येते. होम व ॲलन यांच्या चित्रांमुळे सव्वादोनशे वर्षांपूर्वीची कावेरी आज आपल्याला ताडून पाहता येते. धरणे, कालवे, रस्ते आणि वाढती शहरे यांमुळे या नदीचा काठ झपाट्याने बदलत आहे. आपण आज उभे असलेल्या जागेवरून उद्या काय दिसेनासे होईल, हे सांगता येत नाही. म्हणून करीघट्टावरून उतरण्यापूर्वी वहीत दिनांक लिहिण्यास विसरू नये.