हाकेतला संसार



संसारात दिवसाकाठी कितीतरी शब्द बोलले जातात. त्यात सर्वांत जास्त वेळा तोंडी येणारी गोष्ट म्हणजे हाक. चहा पाहिजे, हाक. शेतातून उशीर झाला, हाक. लेकराला ताप आला, हाक. पती-पत्नी एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुण जोडप्यांना आपण पैसा, नातेवाईक, मुले, प्रार्थना या सर्वांविषयी सांगतो. आज या एवढ्याशा गोष्टीविषयी थोडा अभ्यास करू या.

नाव न घेण्याची रीत

आपल्याकडे बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही जुनी रीत. नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, अशी समजूत होती. म्हणून 'अहो', 'हे', 'आमचे मालक', 'घरधनी', आणि पहिले मूल झाले की 'अमक्याचे बाबा'. नवरा मात्र 'अगं' म्हणे, किंवा वऱ्हाडी घरात 'कावं'. ती त्याला 'तुम्ही', तो तिला 'तू'. नाव घेण्याची परवानगी एकाच ठिकाणी, उखाण्यात. लग्नात, डोहाळेजेवणात सगळ्यांनी आग्रह केल्यावर यमक जुळवून, लाजत लाजत ते नाव घ्यायचे. ख्रिस्ती लग्नघरीही हा आग्रह होतोच.

या रीतीला सरसकट नावे ठेवू नयेत. चाळीस-पन्नास वर्षे संसार केलेल्या आजीच्या 'अहो'मध्ये जी माया असते, ती नव्या जोडप्यांच्या दहा लाडक्या नावांतही सापडेल असे नाही. जे मौल्यवान असते ते माणूस जपून वापरतो, नाव जपण्यामागे असाही एक भाव होता. पण रीतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवऱ्याचे नाव आदरापोटी झाकले गेले, आणि बायकोचे नाव हळूहळू पुसले गेले. अनेक घरांत लग्नाच्या दिवशी तांदळात नवे नाव लिहून तिचे माहेरचे नाव बदलले जाई. पुढे ती सूनबाई, वहिनी, अमक्याची आई. तिला तिच्या नावाने हाक मारणारे माणूस घरात उरत नसे.

एक मराठी ख्रिस्ती घर

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहा. माहेरी त्या मनकर्णिका गोखले. लहान वयात नारायण वामन टिळकांशी विवाह झाला आणि त्या लक्ष्मी झाल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ते टिळकांनी शिकवले. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या घटनेने संसार दुभंगला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. मग हळूहळू मने जुळत गेली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. हे कुटुंब आपल्या प्रोटेस्टंट बांधवांपैकी. पण टिळकांची भजने सर्व मराठी ख्रिस्ती लोकांना ठाऊक आहेत.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात त्या पतीला सहज 'टिळक' म्हणतात. त्यांचा तापटपणा, विसरभोळेपणा, उधळा दानशूरपणा, आपली भांडणे, सारे त्या मोकळेपणाने आणि हसत लिहितात. ज्यांच्यावर रागावता येते आणि ज्यांच्यावर मनापासून प्रेमही आहे, अशा बरोबरीच्या माणसाचे नाव त्यांच्या लेखणीतून उतरते. लहानपणी बोहल्यावर चढलेली मुलगी जेव्हा असे लिहू शकते, तेव्हा त्या दोघांमध्ये किती वाट चालून झाली असेल, हे आपण समजू शकतो.

होशेय संदेष्ट्याची शिकवण

पवित्र शास्त्रात हाकेचा विषय अगदी थेट आला आहे. होशेयची पत्नी गोमेर त्याला सोडून गेली. त्यांच्या मुलांना फार कठोर नावे मिळाली होती. मुलीच्या नावाचा अर्थ 'दया न पावलेली', आणि धाकट्या मुलाच्या नावाचा अर्थ 'माझे लोक नव्हे'. दुसऱ्या अध्यायात देव ही कथा उलटी फिरवतो. नकाराची अक्षरे काढून टाकतो आणि नावे मायेची होतात. मग तो आपल्या लोकांना सांगतो की यापुढे तुम्ही मला 'बआली' म्हणणार नाही, 'ईशी' म्हणाल. हिब्रू भाषेत दोन्ही शब्द पत्नी पतीसाठी वापरत असे. 'बआली' म्हणजे माझा धनी, माझा मालक. 'ईशी' म्हणजे माझा माणूस, माझा जोडीदार. 'बआली'मध्ये बआल या खोट्या देवाच्या नावाचाही प्रतिध्वनी होता.

विश्वाचा खरा मालक जो आहे, तोच म्हणतो की मला मालक म्हणू नका! त्याला धाकाने मारलेली हाक नको, प्रेमाची हाक हवी. मग आपल्या घरात कोणी कोणाचे 'मालक' व्हावे? 'आमचे मालक' हा शब्द आपल्या भागात सवयीने बोलला जातो, त्यात दरवेळी धाक असतो असे नाही. पण ज्या घरात तो खराच धाकाचा झाला आहे, तिथे होशेयचा हा अध्याय दोघांनी मिळून वाचावा.

वेदीसमोर उच्चारलेली नावे

आता आपल्या विवाह संस्काराकडे वळू. लॅटिन विधीच्या परंपरेत हा संस्कार वधू-वर स्वतः एकमेकांना देतात, धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतो. ही संमती देताना वर आपले नाव घेतो आणि वधूचे नाव घेतो. वधूही तसेच करते. अंगठी देतानाही पुन्हा नाव घेतले जाते. तिथे उखाणा नाही, 'अहो' नाही, यमकाचा आडोसा नाही. दोघांना सारख्याच शब्दांत, सर्वांसमोर, स्पष्ट आवाजात एकमेकांचे नाव घ्यावे लागते.

आणि ते नाव कोणते? स्नानसंस्काराच्या आरंभी आईवडिलांना विचारले जाते की या बाळाचे नाव काय ठेवता. तेच नाव घेऊन आपल्याला देवाची मुले म्हणून स्वीकारले गेले. ख्रिस्तसभा विवाहात कोणाचे नाव बदलत नाही. याचा अर्थ असा की जोडीदार आपल्याला कोरी पाटी म्हणून मिळत नाही. देवाने आधीच नावाने ओळखलेली व्यक्ती आपल्या हाती सोपवली जाते.

योहानाच्या शुभवर्तमानात विसावा अध्याय आठवा. कबरेपाशी रडणाऱ्या मरिया मग्दालियाला पुनरुत्थित येशू प्रथम 'बाई' म्हणतो. तिला तो माळी वाटतो. मग तो तिच्या नावाने हाक मारतो, आणि ती त्याला ओळखते.

मग लाडाचे नाव चालेल का?

अवश्य चालेल. प्रेमाला नावे सुचतातच. 'गीतरत्न' या पुस्तकात प्रियकर प्रेयसीला कबुतर म्हणतो, बहीण आणि वधू म्हणतो. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाक रिबेकेशी लाडीगोडी करताना दिसतो, आणि तेवढ्यावरून राजाला कळते की ही याची पत्नी आहे. स्वतः येशूने शिमोनाला 'केफा' हे नाव दिले, आणि जब्दीच्या दोन तापट मुलांना 'गर्जनेचे पुत्र' म्हटले. तेव्हा लाडाचे नाव पोरकट नाही आणि पापही नाही. फक्त तीन कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी: हे नाव ज्याला दिले त्याला आवडते का? 'जाडी', 'काळी', 'येडी', 'बुढा' ही नावे हसत हसत दिली जातात, पण ऐकणारा दरवेळी हसतोच असे नाही. चारचौघांत तर नाहीच.

दुसरी कसोटी: गोड नावामागे गोड वागणे आहे का? यहूदाने येशूला आदराने 'गुरुजी' म्हणून हाक मारली, चुंबन घेतले, आणि धरून दिले. शब्द गोड होता, मन विकले गेले होते. मोबाइलवर दिवसातून वीस वेळा 'जानू' लिहिणारा तरुण तुमच्या 'नाही' या शब्दाचा मान राखतो का, हे लग्न ठरवण्यापूर्वी प्रत्येक मुलीने पाहावे. मुलांनीही आपापल्या परीने तेच पाहावे.

तिसरी कसोटी: भांडणाच्या दिवशी काय हाक मारली जाते? प्रेमाच्या दिवशी सगळेच गोड बोलतात. रागात जिभेवर जे येते, त्यावरून घराची खरी भाषा कळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. अपमान करणारी नावे ठेवणे ही केवळ वाईट सवय नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाचार मानतो. अपमान करणे, टिंगल करणे, नावे ठेवणे, आणि विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणे, हे त्यात नमूद आहे. 'वांझ' हा शब्द ज्या घरात हाकेसारखा वापरला जातो, त्या घराने देवासमोर आणि कायद्यासमोर दोन्हीकडे उत्तर द्यायचे आहे. अशा त्रासात असलेल्या भगिनींनी एकटे सोसत बसू नये. विश्वासातल्या माणसाला सांगावे, धर्मगुरूंना सांगावे, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. सहन करणे म्हणजेच क्रूस वाहणे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही.

या आठवड्यासाठी

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात कुटुंबांना तीन साधे शब्द जपायला सांगितले: विनंतीचा, आभाराचा आणि क्षमेचा. या तिन्ही शब्दांच्या आधी जोडीदाराचे नाव लावून पाहा. 'चुकलो' म्हणणे आणि नाव घेऊन 'चुकलो' म्हणणे यात फरक पडतो.

१. ज्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांचे नाव घेतलेले नाही, त्यांनी रात्रीच्या प्रार्थनेत जोडीदाराचे नाव मोठ्याने घेऊन त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणावी. तिथे लाजायचे कारण नाही.

२. ज्यांची लाडाची नावे संसाराच्या धबडग्यात हरवली आहेत, त्यांनी ती एकदा आठवावीत. नव्या नवलाईचे नाव म्हातारपणी जास्त शोभते.

३. जी हाक जोडीदाराला बोचते, ती आजपासून बंद करावी. कोणती बोचते हे माहीत नसेल, तर विचारावे.

घरातली लहान मुले हे सगळे ऐकत असतात. बाबा आईला कशी हाक मारतात, यावरून मुलगा उद्या आपल्या बायकोला हाक मारायला शिकतो. आणि 'आपल्या स्वर्गातील पित्याला' हाक मारताना त्याच्या आवाजात धाक असेल की भरवसा, तेही बरेचसे इथेच ठरते.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. वेदीसमोर आम्ही एकमेकांचे जे नाव घेतले, ते आमच्या ओठांवर अखेरपर्यंत गोड राहू दे. आमेन.