परंगीमलैचा पाषाणक्रूस

चेन्नई शहराच्या नैऋत्येस, विमानतळाजवळ, सुमारे ३०० फूट उंचीची एक टेकडी आहे. तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात. 'परंगी' हा आपल्या 'फिरंगी' शब्दाचाच सख्खा भाऊ, आणि 'मलै' म्हणजे डोंगर. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी थोमा हा पहिल्या शतकात भारतात आला व याच परिसरात त्याला मरण आले, अशी दक्षिणेकडील ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. त्यामुळे या टेकडीला संत थोमाचा डोंगर असेही नाव पडले. इ. स. १५४७ मध्ये पोर्तुगीज लोक या टेकडीवर बांधकामासाठी पाया खणीत असता मातीतून एक कोरीव शिळा वर आली. तिच्यावर क्रूस होता आणि क्रुसाभोवती कोणालाही न वाचता येणारी अक्षरे होती. आज ती शिळा टेकडीवरील प्रार्थनामंदिराच्या वेदीमागे भिंतीत बसविलेली आहे.

या शिळेवरील क्रूस आपण चर्चच्या शिखरावर पाहतो तसा साधा नाही. त्याच्या चारही भुजांची टोके फुलाच्या कळीप्रमाणे उमललेली आहेत. क्रुसाच्या माथ्यावर एक पक्षी खाली चोच करून उतरताना दाखविला आहे. तो कबुतर असून ख्रिस्ती लोक त्यास पवित्र आत्म्याचे चिन्ह मानतात. क्रुसाखाली पायऱ्या आहेत आणि त्याच्या बुडापासून दोन्ही बाजूंना पानांसारख्या पाकळ्या वर वळल्या आहेत. कोणी त्यांना कमळ म्हणतात, कोणी नुसती पालवी. हे सर्व एका कमानीत बसविले आहे. कमान दोन खांबांवर उभी असून त्या खांबांच्या माथ्यावर मकर आहेत. त्यांच्या मुखांतून ती कमान निघालेली दिसते. आपल्याकडील देवळांची मकरतोरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. कमानीच्या पट्टीवर ती अक्षरे वळणावळणाने कोरली आहेत.

क्रुसावर कोणाही मनुष्याची आकृती नाही, ही गोष्ट मात्र विशेष ध्यानात धरण्याजोगी आहे. तिचे मर्म समजण्यासाठी क्रूस म्हणजे मुळात काय होते, हे पाहावे लागते.

रोमन साम्राज्यात क्रूस हे देहदंडाचे साधन होते. बंडखोर, लुटारू आणि पळून गेलेले गुलाम यांना लाकडी खांबावर आडव्या फळीला जखडून किंवा खिळे ठोकून भर रस्त्यावर मरावयास ठेवीत. रोमन नागरिकाला सहसा ही शिक्षा देत नसत, इतकी ती लाजिरवाणी मानली जाई. येशूला याच रीतीने मारण्यात आले. साहजिकच त्याच्या पहिल्या अनुयायांनी आपल्या धर्माचे चिन्ह म्हणून क्रुसाचे चित्र मिरविले नाही. रोमच्या भूमिगत दफनस्थानांत त्यांनी मासा काढला, नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढला. ज्या दोरीने बापाला फाशी दिले, ती दोरी कोणता मुलगा घराच्या दारावर टांगील?

लोक या गोष्टीची थट्टा कशी करीत, याचा एक पुरावा रोममध्येच सापडला आहे. पॅलाटाईन टेकडीवरील एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर कोणीतरी टोकदार वस्तूने एक चित्र ओरखडले आहे. क्रुसावर गाढवाचे डोके असलेला मनुष्य खिळलेला असून त्याच्यापुढे एक जण हात उंचावून उभा आहे. खाली ग्रीक भाषेत लिहिले आहे, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे. हे चित्र साधारणपणे इ. स. २०० च्या सुमाराचे असावे. भिंतीवर सोबत्याची टवाळी लिहिण्याची खोड केवढी पुरातन आहे, हे ज्यांनी शाळा चालविल्या आहेत त्यांना सांगावे लागत नाही. पण ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणाचे आज उपलब्ध असलेले एक अतिप्राचीन चित्र या टवाळखोरानेच आपल्यासाठी राखून ठेवले, ही नवलाची गोष्ट आहे.

चौथ्या शतकात ही स्थिती पालटली. इ. स. ३१२ मध्ये रोमजवळच्या लढाईत सम्राट कॉन्स्टंटाईन विजयी झाला. आपल्याला ख्रिस्ताचे चिन्ह लाभले म्हणून विजय मिळाला, अशी त्याची भावना होती. पुढे क्रुसावर देण्याची शिक्षाही बंद झाली. शिक्षेची दृश्ये डोळ्यांपुढून नाहीशी झाली, तेव्हा कोठे ते चिन्ह सोन्यात व रत्नांत घडू लागले. तरीही येशूला क्रुसावर प्रत्यक्ष दाखवावयास आणखी बराच काळ जावा लागला. रोममधील सांता साबिना या चर्चच्या लाकडी दारावर तसे दृश्य आहे, ते सुमारे इ. स. ४३० चे. पश्चिमेकडे पुढे वेदनांनी विव्हळ झालेल्या ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस रूढ झाला. इराणातील ख्रिस्ती मंडळींनी मात्र रिकामा आणि फुललेला क्रूसच आपलासा केला. ज्या लाकडावर मरण आले त्यालाच पालवी फुटली. जो मेला तो तेथे नाही, तो उठला आहे, असा त्या रिक्ततेचा आशय. परंगीमलैच्या शिळेवरील टोकांच्या कळ्या आणि बुडाची पालवी हाच आशय सांगतात.

इराणी ख्रिस्ती लोक जेथे जेथे गेले, तेथे तेथे हा क्रूस त्या भूमीची लेणी लेवून उभा राहिला. चीनमधील शीआन येथे इ. स. ७८१ चा एक मोठा शिलालेख आहे. आलोपेन नावाचा धर्मोपदेशक इ. स. ६३५ मध्ये तेथील राजधानीत पोहोचल्याची हकिकत त्यात आहे. त्या शिळेच्या माथ्यावर क्रूस आहे आणि तो कमळावर व मेघांवर विराजमान आहे. श्रीलंकेतील अनुराधपूर येथेही विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खननात असाच एक क्रूस हाती आला.

आता त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे वळू. ती कोणती अक्षरे आहेत, हे पोर्तुगिजांना कळेना. त्यांनी विजयनगरच्या राज्यातून एका विद्वान ब्राह्मणाला बोलावून आणले. त्याने शिळा पाहिली आणि तीवरील मोजक्या अक्षरांतून एक लांबलचक वृत्तांत वाचून दाखविला. थोमाचे आगमन, त्याचा उपदेश आणि त्याचा मृत्यू ही सारी हकिकत त्यात आली. दुसऱ्या एका पंडितानेही तोच अर्थ सांगितला, असे पोर्तुगीज लेखक लिहितात. पोर्तुगिजांना जे ऐकावयाचे होते तेच ऐकावयास मिळाले, आणि तो अर्थ त्यांच्या ग्रंथांतून युरोपभर पसरला. त्या पंडितांनी असे का केले असावे? बोलावणाऱ्यांच्या हाती सत्ता होती, त्यांची अपेक्षा लपलेली नव्हती, आणि 'मला हे वाचता येत नाही' असे भरसभेत म्हणणे विद्वानाला फार जड जाते. मला तर या प्रसंगी सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही दोषी वाटतो.

तीनशे वर्षे हा अर्थ चालला. मग इ. स. १८७३ मध्ये मद्रास इलाख्यातील न्यायाधीश आर्थर बर्नेल याने मंगळूर येथे एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. ही अक्षरे भारतीय नव्हेत. ती पहलवी, म्हणजे प्राचीन इराणची लिपी आहे, असे त्याने दाखविले. पारशी समाजाचे अनेक धर्मग्रंथ याच लिपीत आहेत. कुलूप कोणत्या घराचे हे कळले. पण किल्ली लागणे अद्याप दूर होते.

पहलवी वाचणे हे अवघड काम आहे. आपल्याकडे मोडी लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत आणि पुष्कळ शब्द संदर्भानेच लावावे लागतात. पहलवीची अडचण त्याहून कितीतरी मोठी. तिच्यात ध्वनी अधिक व अक्षरे थोडी आहेत. एकच रेघ कोठे 'न' असते, कोठे 'व', तर कोठे 'र'. शिवाय कित्येक शब्द लिहावयाचे एका भाषेत आणि वाचावयाचे दुसऱ्या भाषेत, अशी तिची रीत! लेखक अरमाईक भाषेतील 'लह्मा' हा शब्द लिहितो. वाचणारा मात्र 'नान' असे वाचतो. दोहोंचा अर्थ भाकरी. त्यात या शिळेवरील ओळ कमानीप्रमाणे वळत गेलेली. तेव्हा तिचा आरंभ कोठे धरावयाचा, हाही प्रश्नच.

म्हणून बर्नेलने एक अर्थ लावला आणि पाठोपाठ मार्टिन हाउग याने दुसरा. हा हाउग म्हणजे पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात काही वर्षे संस्कृतचे अध्यापन केलेला जर्मन पंडित. रेल्वेच्या नोकरीत मुंबई इलाख्यात राहिलेला एडवर्ड वेस्ट हा अभियंता होता. फावल्या वेळात तो पहलवीचा थोर अभ्यासक बनला. त्याने तिसराच अर्थ काढला. तिघांनाही त्या ओळीत क्रुसावरील यातनांविषयीचे गूढ धर्मवचन दिसले. शिळेवर क्रूस आहे, तेव्हा लेखही क्रुसाविषयीच असणार, ही समजूत त्यांच्या नकळत त्यांचे बोट धरून चालली होती. पुढे केरळातील कडमट्टम येथे तसाच आणखी एक क्रूस आढळला, तेव्हा मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी यांनीही त्याच्या अभ्यासाला हात घातला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विंकवर्थ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने तीच अक्षरे पुन्हा तपासली आणि अगदी निराळी गोष्ट पुढे मांडली. त्याच्या मते त्या लेखात धर्मसिद्धांत नाही आणि थोमाची कथाही नाही. चाहारबुख्त नावाच्या कोणा सीरियन गृहस्थाचा पुत्र अफ्रास याने ती शिळा कोरविली, आणि प्रभू ख्रिस्ताने त्याच्यावर दया करावी, एवढीच तीत प्रार्थना आहे. इ. स. २००२ मध्ये इटालियन व भारतीय अभ्यासकांनी मिळून केलेल्या वाचनात त्या पुत्राचे नाव सब्रीशो असे लागले. बापाचे नाव आणि दयेची याचना मात्र तशीच राहिली. त्या नावाचे वाचन अजूनही वादापलीकडे गेलेले नाही.

हा सब्रीशो किंवा अफ्रास कोण, राजा की व्यापारी, हे शिळा सांगत नाही. परंतु अक्षरांच्या वळणावरून तिचा काळ साधारण सातव्या ते नवव्या शतकांतला धरतात, आणि त्या काळी इराणी लोकांची गलबते आपल्या किनाऱ्याला कशी लागत, याची साक्ष अन्यत्र मिळते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मास नावाचा व्यापारी होता. त्याने आपल्या ग्रीक ग्रंथात लिहून ठेवले आहे, की सिंहलद्वीपात इराणी ख्रिस्ती लोकांचे चर्च आहे, मलबारातही ख्रिस्ती आहेत, आणि 'कल्लियाना' या बंदरात इराणातून नेमलेला धर्माध्यक्ष राहतो. हे कल्लियाना म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण होय, असे अनेक इतिहासकार मानतात. आज लोकलच्या गर्दीत ज्यांना कल्याण म्हणजे केवळ गाडी बदलण्याचे स्थानक वाटते, त्यांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे.

केरळातील कोल्लम येथे इ. स. ८४९ मध्ये वेणाडच्या अय्यन अडिगळ या अधिपतीने तेथील चर्चला जमीन व हक्क दिले. त्या दानाचे ताम्रपट आजही जपलेले आहेत. त्यांवर साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्या काही अरबी लिपीत, काही पहलवीत, तर काही हिब्रूत. एका हिंदू अधिपतीने ख्रिस्ती चर्चला दिलेल्या दानाला भिन्न धर्मांचे परदेशी व्यापारी साक्षी राहिले! आणि मुंबईत बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत, तीही याच पहलवी लिपीत. परंगीमलैचे कोडे ज्या वेस्टने सोडवू पाहिले, त्यानेच कान्हेरीची ही अक्षरेही वाचली.

परंगीमलैवर आढळला तसाच क्रूस आणि तोच लेख केरळात कोट्टयमच्या जुन्या चर्चमध्ये आणि इतरही काही ठिकाणी आहे. एका माणसाची खाजगी विनवणी इतक्या ठिकाणी कशी? मूळ शिळेवरील अक्षरे पवित्र मानून पुढील कारागिरांनी ती जशीच्या तशी उतरविली असावीत, असे काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल, तर कोरणाऱ्या कित्येकांना आपण काय कोरतो आहोत हे ठाऊकही नसेल. घरातील जुन्या पोथीवर हळदकुंकू वाहणाऱ्या, पण ती पोथी वाचू न शकणाऱ्या आजीबाई आपल्याकडेही होत्याच की!

विद्यार्थ्यांनो, ही मालिका तमिळ आणि केरळ या प्रदेशांतच संपली असे दीर्घकाळ मानले जात होते. इ. स. २००१ मध्ये गोव्यात झुआरी नदीच्या काठी आगशी गावात कॉस्मे कोस्ता या धर्मगुरू व इतिहास-अभ्यासकांना पहलवी लेख असलेला एक क्रूस आढळला. कदंब राजांचे गोपकपट्टण हे बंदर याच परिसरात होते. पोर्तुगीज गोव्यात आले ते इ. स. १५१० मध्ये. त्याच्या कित्येक शतके आधी या नदीच्या मुखातून इराणी गलबते आत येत होती आणि त्यांतून उतरणाऱ्यांपैकी कोणी काठावर क्रूस उभारून देवाची करुणा भाकत होता, असे हा दगड पाहून म्हणावेसे वाटते. येथेही क्रुसाभोवती अक्षरांची तीच वळणे आहेत, आणि क्रुसावर कोणी नाही.