नदीगाळातील जड धातू आणि भूमिपरीक्षा

औषधिसंग्रहापूर्वी भूमीची परीक्षा करावी, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ३६व्या अध्यायात सांगितले आहे. वारूळ, स्मशान इत्यादींनी दूषित भूमी तेथे वर्ज्य मानली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वैद्यांनी या यादीत आता दूषित नदीगाळाची भर घालावयास हवी.

लोटे-परशुराम येथील रासायनिक उद्योगांचे सांडपाणी प्रक्रियेनंतर दाभोळ खाडीत सोडले जाते. वाशिष्ठी व जगबुडी या नद्यांचे पाणीही याच खाडीस मिळते. येथील प्रदूषणाची दखल डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात घेतली होती.

शिसे, पारद, कॅडमियम यांसारखे धातू मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे पाणी स्वच्छ दिसले तरी गाळ निर्दोष असतोच असे नाही. गाळ ढवळला गेला किंवा पाण्याची आम्लता वा क्षारता बदलली, की हे धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतात.

उकळण्याने जंतू नष्ट होतात, धातू नव्हेत. उलट, अष्टमांश उरविलेल्या क्वाथात मूळ पाण्यातील शिशाचे प्रमाण आठपटीपर्यंत वाढू शकते. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानक मर्यादा लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड या ओलसर जागी वाढणाऱ्या वनस्पती गाळातील धातू शोषून घेऊ शकतात. वनौषधींत शिसे १० व कॅडमियम ०.३ पीपीएमपेक्षा अधिक नसावे. म्हणून संग्रहस्थानाची नोंद ठेवावी आणि शंका असल्यास प्रयोगशाळेत तपासणी करूनच द्रव्य वापरावे. रुग्ण विश्वासाने औषध घेतो. त्याच औषधातून त्याला विष जाऊ नये.