ओल्या वाळूत गप्प राहणारं यंत्र

बेळगावच्या टिळकवाडीला समुद्र नाही. पण चोर्ला उतरून गोवा किंवा आंबोली उतरून शिरोडा-वेंगुर्ला गाठणारी कुटुंबं गल्लोगल्ली आहेत, आणि दर सुट्टीनंतर कुणाची ना कुणाची अंगठी तिकडच्या वाळूत राहिलेली असते. ती हुडकायच्या नादाने मी मेटल डिटेक्टरच्या मागे लागलो. आता घ्यायच्या विचारात असलेले लोक विचारायला येतात, त्यांना सांगतो ते असं.

१. सगळे आधी विचारतात, "काका, किती खोलवरचं दाखवतं?" मी म्हणतो, ते राहू दे, ओल्या वाळूत गप्प राहतं का ते बघ. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र कोरड्या वाळूत झकास चालतं, पण लाटांनी भिजलेल्या पट्ट्यात नेलं की खाली काही नसताना टिवटिवायला लागतं. मिठाची ओल त्याला पातळ धातूसारखी जाणवते. सेन्सिटिव्हिटी उतरवली तर टिवटिव थांबते, पण मग अंगठीही ऐकू येत नाही. आणि दागिने पडतात ते बहुतेक ह्याच पट्ट्यात, लोक पाण्यात खेळतात तिथे.

२. म्हणून मल्टी-फ्रिक्वेन्सी. अशी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडतात आणि त्यांच्या उत्तरांतला फरक पाहून मिठाचा हिस्सा वजा करतात. मिनेलॅबचं २०१८ मध्ये बाजारात आलेलं इक्विनॉक्स किंवा नोक्ताचं लेजंड ही त्या जातीची. गॅरेटचं एटी प्रो ३ मीटर पाण्यात बुडवता येतं म्हणून लोक समुद्रासाठी घेतात. ते १५ किलोहर्ट्झवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. नदीला, तळ्याला उत्तम. वॉटरप्रूफ आहे म्हणून खाऱ्या पाण्यात शांत राहील, असं धरून चालू नये.

३. पल्स इंडक्शनची यंत्रं खोल जातात, मिठाला फारशी दाद देत नाहीत, काळ्या वाळूलाही नाही. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीकडे इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची काळी वाळू आहे. तिथे मी हेच निवडीन. पण लोखंड कुठलं नि सोनं कुठलं, हे त्यांना नीट सांगता येत नाही. कळंगुटला नेलंत तर बिअरची बुचं उकरता उकरता कंबर जाईल. शेजारच्या कांदोळीला तर २००० साली 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज वाळूत रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त गंजत पडलं होतं. पहिली चाचणी तिथे घेऊ नका.

४. डिस्क्रिमिनेशनने लोखंड तेवढं गाळा. चंदेरी कागद (फॉइल) आणि कॅनच्या कड्या गाळायला गेलात की नाजूक अंगठीही गेली, कारण यंत्राच्या पडद्यावर त्यांचे आकडे अगदी शेजारी असतात.

५. आमच्या इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर यंत्र फिरवून बघणारे बरेच. बघा, हात बसतो. पण आपली तांबडी माती लोहाने भरलेली, तिथलं ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र मातीशी जुळवून घेणं, किनाऱ्यावर उपयोगाचं नाही, पुन्हा करावं लागतं.

६. तिथी बघून निघा. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सगळ्यात लांब सरतं. वस्तू हरवलेल्यालाही हेच विचारायचं: किती वाजता, आणि तेव्हा पाणी कुठवर होतं? पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, पुढे ती हळूहळू परत येते. त्यामुळे मे महिन्यापेक्षा नवरात्राचे दिवस बरे. जुनी, जड वस्तू तेव्हा कमी वाळूखाली असते.

७. स्टेनलेस स्टीलच्या जाळीदार खोऱ्यासाठी पैसे राखून ठेवा. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा.

८. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे १० रुपयांवरचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कुणाचा अलीकडे पडलेला दागिना मिळाला तर पोलीस ठाणं. सिंधुदुर्गासारख्या संरक्षित किल्ल्यांच्या आवारात यंत्र काढूच नये. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे कुंपण घातलेलं नसलं तरी कोरड्या वाळूत खोरं चालवू नका. त्या दिवसांत मी शिरोड्यालाही पाण्याच्या कडेनेच फिरतो.