आपल्या गावाचा फोटो

लग्नात फोटो काढतात. जत्रेत काढतात. पण नदी, शिवार, वेस, पार यांचा फोटो कशाला काढायचा? आज ते पाहू.

परभणी जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात लाला दीनदयाळ नावाचे नामांकित फोटोग्राफर होऊन गेले. जन्म १८४४, मृत्यू १९०५. सहाव्या निजामाने त्यांना दरबारात नेमले होते. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. फोटो काचेवर उमटे. एवढे ओझे नेऊन त्यांनी वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला यांचे फोटो काढले. ती माणसे गेली, तो काळ गेला. पण त्या वेळी त्या जागा कशा होत्या, हे आजही पाहता येते.

आपल्या जिल्ह्यातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. संत जनाबाईंच्या गंगाखेडला गोदावरी आहे. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुनी दगडी मंदिरे आहेत. येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे. आणि आपली काळी जमीन! उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसात तिचा चिखल होतो. हिवाळ्यात तिच्यावर ज्वारी डुलते. शेत एकच, रूपे तीन. म्हणून एकाच जागी उभे राहून तिन्ही ऋतूंत फोटो काढावा.

फोटो सकाळी किंवा दिवस कलल्यावर काढावा. तेव्हा सावल्या लांब पडतात. चढउतार, बांध, तास नीट दिसतात. झाड किंवा देऊळ किती उंच ते कळावे, म्हणून जवळ माणूस उभा करावा.

वर्गात एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, फोटू तर माझा नातू मोबाइलवर काढतो. त्याला लिहिणं कशाला पायजे?"

गुरुजींनी एक जुना फोटो पुढे ठेवला. नदी, पायऱ्या आणि घागर घेतलेली एक बाई. "आजी, हा घाट कुठला? ही बाई कोण? साल कोणतं?"

कोणालाच सांगता येईना. आजी म्हणाल्या, "अगं बाई! म्हंजे फोटू मुकाच की!"

"होय," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला शेताचं, ओढ्याचं, जुन्या विहिरीचं नाव ठाऊक आहे, पण ते कुठं लिहिलेलं नाही. नातवाला लिहिता येतं, पण नाव ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर ते नाव कोण सांगणार?"

आजी गप्प झाल्या. मग त्यांनी पाटी जवळ ओढली.

फोटोमागे चार गोष्टी लिहाव्यात: जागा, तारीख, माणसांची नावे आणि काय घडले ते. पूर आला, तर पाणी कुठवर चढले तेही लिहावे. पुढे घर बांधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

अभ्यास
१. दीनदयाळ यांनी कोणत्या जागांचे फोटो काढले?
२. आजी फोटोला मुका का म्हणाल्या?
३. तुमच्या शिवारातील पाच जागांची नावे लिहा. घरातील लहान मुलांना ती वाचून दाखवा.