चालढकल आणि पहाटेचे पहिले काम

मृगाचा चांगला पाऊस झाला की वैजापूर तालुक्यातील शेतकरी दुसऱ्या कशाकडे पाहत नाही. रानात जाऊन तो माती मुठीत घेतो, वाफसा आला की नाही हे तपासतो आणि वाफसा येताच कपाशीची किंवा मक्याची लावणी सुरू करतो. पावसाचा भरवसा नसलेल्या या भागात वाफसा चुकला तर हंगाम चुकतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पेरणीच्या बाबतीत ‘उद्या पाहू’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही.

परंतु त्याच माणसाच्या घरात एखादे काम वर्षानुवर्षे पडून असते. वडिलांचे निधन होऊन दहा वर्षे झाली, सातबाऱ्यावर नावे लागली, पण बहिणींचा हिस्सा दिला गेला नाही. कोणाकडून घेतलेले उसने पैसे परत करायचे राहिले. भावाशी धरलेला अबोला सुटला नाही. आठवण झाली की मन म्हणते, ‘कांदा विकला जाऊ द्या, ईद होऊ द्या, मग बसू निवांत.’ कांदा विकला जातो, ईदही होऊन जाते. काम मात्र तेथेच राहते. अरबी भाषेत या वृत्तीला ‘तस्वीफ’ म्हणतात. ‘सौफ’ म्हणजे ‘पुढे करीन’. तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे म्हणजे तस्वीफ.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टाळले जाणारे काम बहुधा कष्टाचे नसते. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला एक कागद लिहिणे जड कसे जाईल? जड जाते ते नफ्साला. ज्या कामात धन हातचे सुटते, चूक कबूल करावी लागते किंवा मान खाली घालावी लागते, तेच खरे कठीण काम होय.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांचे आहे. ते अकबाच्या प्रतिज्ञेत सहभागी झालेले निष्ठावंत सहाबी होते. हिजरी सन 9, म्हणजे इ.स. 630 मध्ये, आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तबूकच्या मोहिमेची घोषणा केली. उन्हाळा कडक, प्रवास लांबचा आणि मदीनेत फळे पिकण्याचे दिवस. पुढे काय घडले ते स्वतः कअब (रजि.) यांनी सांगितले असून ‘सहीह बुखारी’ व ‘सहीह मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत ते विस्ताराने आले आहे. त्या वेळी ते पूर्वी कधी नव्हते इतके संपन्न होते. जवळ दोन उंट होते. रोज सकाळी ते तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीही न करता परतत. ‘मनात आणीन तेव्हा तयारी करू शकतो,’ अशी ते मनाची समजूत घालीत. सैन्य निघाले, तेव्हा वाटले, एक-दोन दिवसांत गाठू. तेही झाले नाही. त्यांच्या ईमानात खोट नव्हती, साधनांची उणीव नव्हती. केवळ ‘उद्या’ने त्यांना मागे ठेवले.

प्रेषित (स.) परतले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक सबबी सांगून मोकळे झाले. कअब (रजि.) यांच्याही मनात सबबी घोळत होत्या. परंतु या वेळी त्यांनी कठीण काम पुढे ढकलले नाही. प्रेषितांसमोर बसून त्यांनी स्पष्ट सांगितले की, आपल्याजवळ कोणतीही सबब नव्हती. परिणामी त्यांना आणि मुरारा बिन रबीअ व हिलाल बिन उमय्या (रजि.) या दोघांना पन्नास रात्रींचा सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. पन्नासाव्या दिवशी फजरची नमाज आपल्या घराच्या छतावर अदा करून ते बसले असता तौबा कबूल झाल्याची हाक सल्अ पर्वतावरून त्यांच्या कानी आली. सूरह अत्-तौबाच्या 118 व्या आयतीत या तिघांचा उल्लेख आहे. चालढकलीने जे गमावले होते, ते वेळेवर उच्चारलेल्या एका कठीण सत्याने परत मिळाले.

कठीण काम आधी करण्याची ही सवय इस्लामने आपल्या दिनक्रमातच घातली आहे. दांभिकांना इशा व फजर या नमाजा सर्वाधिक जड जातात, असे हदीसमध्ये आहे. म्हणजे मोमिनाच्या दिवसाचा आरंभच नफ्साला जड वाटणाऱ्या कर्माने होतो. दुसऱ्या एका हदीसनुसार झोपलेल्या माणसाच्या डोक्यामागे शैतान तीन गाठी मारतो. अल्लाहच्या स्मरणाने, वुजूने आणि नमाजने त्या एकेक सुटतात व माणूस उत्साही होतो. प्रेषितांनी आपल्या उम्मतच्या पहाटेच्या वेळेत बरकत मिळावी अशी दुआ केली, आणि दुबळेपणा व आळस यांपासून ते अल्लाहचा आश्रय मागत असत. गाठी सुटलेल्या त्या बरकतीच्या घडीत आपण मोबाईल हाती घेतो किंवा पुन्हा अंथरूण गाठतो, हे दुर्दैव होय.

यासाठी एक साधा नेम पाळता येईल. इशाच्या नमाजनंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी कोणते काम सर्वांत जास्त टाळतो आहे? फजरनंतर, दुसरे काही हाती घेण्यापूर्वी, त्या कामाचे पहिले पाऊल टाकावे. तलाठी कार्यालय पहाटे उघडत नसते हे खरे. परंतु वडिलांची मालमत्ता, त्यांच्यावरील कर्ज आणि वारसांची नावे कागदावर मांडायला कोणते कार्यालय लागते? सूरह अन्-निसाच्या 11 व्या आयतीत मुलामुलींचे हिस्से ठरवून दिले आहेत आणि वाटणीपूर्वी मृत्युपत्र व कर्ज यांची पूर्तता करण्यास सांगितले आहे. कागद तयार झाला की दिवस वर येताच बहिणीला फोन करावा. भिडेपोटी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे म्हणजे काम पूर्ण करणे नव्हे; ते तर अन्यायावर शिक्का मारणे होय. कर्जाचेही तसेच. ऐपत असताना कर्ज फेडण्यास विलंब लावणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी स्पष्ट केले आहे. सगळी रक्कम नसेल तर असेल तेवढी घेऊन जावे आणि बाकीची तारीख तोंडाने सांगून यावे.

‘इन्शाअल्लाह’ हा शब्दही जपून वापरावा. तो संकल्पाला अल्लाहच्या इच्छेशी जोडणारा शब्द आहे. टाळण्याची सभ्य रीत नव्हे.

सूरह अल्-मुनाफिकूनच्या 10 व्या आयतीत मृत्यूसमयी थोडीशी मुदत मागणाऱ्या माणसाचे चित्र आहे. तो म्हणतो की, मुदत मिळाली तर दानधर्म करीन, सदाचारी होईन. पुढचीच आयत सांगते की वेळ आल्यावर अल्लाह कोणालाही मुदत देत नाही. बंधू-भगिनींनो, ती मुदत आज आपल्या हाती आहे. रानातला वाफसा ओळखणाऱ्याने आयुष्याचाही वाफसा ओळखावा. उद्याची फजर लाभली, तर तिच्यानंतरचे पहिले काम कोणते, हे आज रात्रीच ठरवू या. अल्लाह आपणा सर्वांना त्याचे सामर्थ्य देवो. आमीन.